एमएसमध्ये तोल का जातो आणि तो सावरायला काय करावं

सोलापूरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार), अटॅक येऊन ओसरणारा प्रकार. औषध नियमित चालू आहे आणि गेल्या दोन वर्षांत नवा अटॅक नाही. पायांत ताकद चांगली आहे, शाळेचा जिना चढता येतो. पण अंघोळीला डोक्यावर पाणी घेतलं की झोक जातो, रात्री लाइट गेली की भिंत धरूनच चालावं लागतं, आणि फळ्यावर लिहिता लिहिता मुलांकडे झटकन वळलं की पाय अडखळतो. गेल्या महिन्यात त्या दोनदा पडल्या. घरचे म्हणतात, चालणं कमी कर, अंगात ताकद येईल असं काही खा. त्या विचारतात, ‘गेलेला बॅलन्स परत येतो का? आणि त्यासाठी नेमकं काय करायचं?’

ताई, बॅलन्स सुधारतो. आजार होण्याआधी होता अगदी तसाच होईल, असा शब्द मी देणार नाही. पण पडणं कमी होणं, अंधारात न घाबरता दोन मिनिटं उभं राहता येणं, वळताना पाय न अडकणं, एवढं मिळवलेले अनेक जण मी माझ्या कामात पाहिले आहेत. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांची फिजिओथेरपी मी बरीच वर्षं करते आहे आणि एमएसच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: तोल म्हणजे पायांची ताकद नव्हे. तुमचा तोल कोणत्या वाटेने जातो आहे हे आधी शोधायचं आणि मग तीच वाट कसायची. नुसतं ‘रोज अर्धा तास चाला’ एवढ्याने तुमचं काम होणार नाही, कारण चालायला लागणारी ताकद तुमच्याकडे आहेच.

तुम्ही सांगितलेले तीन प्रसंग पुन्हा पाहा. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटतात. लाइट गेली की डोळे असून उपयोग नसतो. झटकन वळताना नजर क्षणभर कुठेच स्थिर नसते. तिन्ही वेळा डोळ्यांची मदत तुटते आणि तुम्ही डगमगता.

उभं राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळे. दुसरा आतला कान, जो डोकं कुठे कललं, किती वेगाने फिरलं ते सांगतो. तिसरी खबर तळपाय, घोटे, गुडघे आणि कंबर यांच्याकडून येते: जमीन कशी आहे, भार टाचेवर आहे की चवड्यावर, सांधा किती वाकला आहे. ही तिसरी खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते आणि एमएसमध्ये नेमका तिथेच मायलिनला, म्हणजे नसांवरच्या आवरणाला, मार बसलेला वारंवार आढळतो. मायलिन गेलं की संदेश हळू धावतो. अमेरिकेत ओरेगन इथे झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच मोजून दाखवलं होतं. माणूस ज्या फळीवर उभा आहे ती अचानक सरकवली की एमएस असलेल्यांचे स्नायू सावरायला उशिरा धावत होते आणि हा उशीर मज्जारज्जूतून संदेश वर पोचायला लागणाऱ्या उशिराशी जुळत होता. फोनच्या लाइनवर आवाज उशिरा पोचला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि गोंधळ होतो, तसं काहीसं तुमचे पाय आणि मेंदू यांचं होतं. तोवर डोळे ती उणीव भरून काढत असतात. डोळे मिटले की उणीव उघडी पडते. बेसिनवर वाकून तोंड धुताना पुढे झोक जाणं ही तर मज्जारज्जूच्या या भागाची जुनी, ओळखीची खूण आहे.

पण मी इथे बसून निदान करणार नाही, कारण एमएसमध्ये एकाच माणसात दोन-तीन वाटा एकदम बिघडलेल्या असू शकतात. घरी एक साधी चाचणी करून बघा, मात्र एकटीने नको. खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंती पाठीशी येतील अशा उभ्या राहा, पुढ्यात पाठीची खुर्ची ठेवा आणि घरातलं कुणीतरी शेजारी उभं असू द्या. पाय जुळवून, डोळे उघडे ठेवून तीस सेकंद. मग डोळे मिटून तीस सेकंद. हे जमलं तर हेच दोन्ही प्रकार घडी केलेल्या गादीवर किंवा जाड फोमवर उभं राहून. कडक फरशीवर डोळे उघडे असताना ठीक आणि मिटताच झोक, तर पायांकडून येणारी खबर कमी पडते आहे. फरशीवर डोळे मिटून जमतं पण मऊ गादीवर डोळे मिटताच कोसळायला होतं, तर आतल्या कानाची खबर किंवा मेंदूतली तिची जुळणी कच्ची असण्याचा संभव जास्त. डोळे उघडे असूनही पाय फाकवूनच उभं राहावं लागतं, हात पुढे केला की थरथरतो, तर लहान मेंदूकडे बघावं लागतं. सुरुवातीला सगळं ठीक आणि दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर एक पाऊल फरफटायला लागतं, तर तो पाऊल उचलणाऱ्या स्नायूंचा आणि थकव्याचा भाग. त्याला वेगळा इलाज आहे, घोट्याला आधार देणारा पट्टा किंवा स्प्लिंट. ही चाचणी म्हणजे अंतिम निकाल नाही. पण न्यूरोफिजिओकडे, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांच्या फिजिओथेरपिस्टकडे, जाताना ही माहिती बरोबर असली की पुढचं काम नेमकं होतं. तिथे बर्ग स्केल ही तोलाची चाचणी करतील, त्यात चौदा कामं आणि छप्पन गुण असतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात तेही मोजतील. आकडे लिहून घ्या. दोन-तीन महिन्यांनी तुलना करता येते आणि मनाला वाटणारी सुधारणा खरी आहे का ते कळतं.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी तीन गोष्टींबद्दल बोलून घ्या. पहिली, बी-१२ तपासलं आहे का. बी-१२ कमी झालं तरी मज्जारज्जूचा तोच मागचा भाग बिघडतो आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास सापडते. एमएस आहे म्हणून सगळं एमएसच्याच नावावर टाकलं तर सहज भरून निघणारी गोष्ट राहून जाते. दुसरी, अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली गरगरते का. तसं असेल तर ते आतल्या कानातले कण सरकल्यामुळे असू शकतं. एमएसच्या रुग्णांतही ते होतं आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून बऱ्याचदा एक-दोन भेटींत थांबतं. तिसरी, गोळ्या. ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिन, जळजळ-मुंग्यांसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू असेल तर त्यानेही झोक जातो. काहींना पायातला थोडा ताठरपणाच उभं राहायला उपयोगी पडत असतो आणि डोस वाढला की पाय लेचापेचा होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, बॅक्लोफेन अचानक थांबवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांशी बोलून डोस किंवा वेळ बदलता येते.

आता व्यायाम. तुमच्या वर्णनावरून मी पायांची खबर आणि नजर या दोन गोष्टींवर भर देईन.

जागा तीच, कोपरा आणि पुढ्यात खुर्ची. अनवाणी, स्वच्छ फरशीवर. पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा, बोटं खुर्चीच्या पाठीवर नुसती टेकवा. पकडायचं नाही. बोटांच्या हलक्या स्पर्शातूनही मेंदूला खबर मिळते आणि डुलणं कमी होतं. तो स्पर्श हळूहळू कमी करत जायचा: चार बोटं, दोन बोटं, एक बोट, मग हात खुर्चीच्या वर तरंगता. ते जमलं की एक पाऊल अर्धं पुढे, मग पूर्ण एकापुढे एक. मग हेच गादीवर. प्रत्येक पायरीवर अट एकच: शरीर थोडं डगमगलं पाहिजे. अजिबात डगमगत नसाल तर मेंदूला शिकायला काही उरत नाही, व्यायाम सोपा झाला. आणि दर वेळी भिंतीवर आदळत असाल तर तो फार अवघड झाला, एक पायरी खाली या. घरच्यांनी धरून ठेवलं तर व्यायाम घरच्यांचा होतो, म्हणून त्यांनी बाजूला, किंचित मागे, हात तयार ठेवून उभं राहायचं. पुढून हात ओढायचा नाही, त्याने तोल उलट जातो.

नजरेसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एक तारीख निवडा. आधी खुर्चीत बसून तारखेवरची नजर न हलवता डोकं उजवी-डावीकडे हलवा, आकडा पुसट होणार नाही इतक्याच वेगाने. अर्धा मिनिट थांबा. मग डोकं वर-खाली. आठ-दहा दिवसांनी उभं राहून, मग पाय जुळवून, पुढे जागेवर पावलं टाकत. थोडं गरगरणं, किंचित मळमळ अपेक्षित आहे. ती काही मिनिटांत उतरायला हवी. या व्यायामाला मी इतकी जागा देते त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात एमएस असलेल्या ८८ जणांवर तोल आणि नजरेच्या व्यायामांचा चौदा आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला गेला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. व्यायाम केलेल्यांचा तोल तर सुधारलाच, चक्कर आणि थकवाही कमी झाला. तोल सांभाळण्यात सतत लक्ष घालावं लागणं हे स्वतःच थकवणारं काम असतं, हे ज्यांना एमएस आहे त्यांना सांगायला नको.

वर्गातल्या वळण्याचा सराव वेगळा करा. एका पायावर गर्रकन फिरायचं किंवा पाय एकमेकांवर टाकायचं बंद. छोटी तीन-चार पावलं टाकत, अर्धवर्तुळात वळायचं, नजर आधी एका बाकावर ठरवून मग शरीर. घरात ओट्याशेजारी दोन्ही बाजूंनी याचा सराव करा. नुसतं वळणं जमलं की त्यावर बोलणं चढवा. चालता चालता सतराचा पाढा म्हणा, किंवा उलटा म्हणा. तुम्ही शाळेत कधीच नुसत्या चालत नसता, तुम्ही चालता, बोलता आणि चाळीस मुलांकडे बघता. डोक्यात दुसरं काम असताना पाय काय करतात, तेच खरं तुमच्या दिवसातलं चालणं, म्हणून सरावही तसाच हवा.

ताकदीचे व्यायाम थोडक्यात सांगते: हात न टेकता खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं, उभं राहून पाय बाजूला नेणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. तोल आणि नजरेचा सराव मात्र रोज, दहा ते पंधरा मिनिटं, हवं तर दिवसातून दोन वेळा विभागून. व्यायामानंतरचा थकवा तास-दोन तासांत उतरला पाहिजे. संध्याकाळपर्यंत अंग मोडून गेलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, सुट्टी घेऊ नका.

सोलापूरचा उन्हाळा या सगळ्यात वजन टाकणारा आहे. मायलिन गेलेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जात असतो, शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे व्यायामानंतर अंधुक होणाऱ्या नजरेच्या रूपात टिपलं, म्हणून त्याचं नाव याला मिळालं. भर दुपारी पाय जड होणं, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर डोळ्यांपुढे धूसर होणं हे तेच. अंग थंड झालं की ते उतरतं, त्याने नसांचं नवं नुकसान होत नाही. त्यामुळे घाबरून व्यायाम सोडायचा नाही, वेळ बदलायची: पहाटे किंवा सकाळी लवकर, पंख्याखाली, आधी गार पाणी पिऊन, मानेवर ओला पंचा ठेवून. मार्च ते जूनमध्ये व्यायामाची पायरी वाढवायचा हट्टही नको, आहे ती टिकवली तरी चालेल.

आता तुमच्या अंघोळीचा विचार करा. डोळे मिटलेले, डोकं मागे कललेलं, पाणी कढत, फरशी ओली आणि साबणाची, दोन्ही हात केसांत. तोल सांभाळायच्या सगळ्या वाटा एकाच वेळी बंद. म्हणून डोकं बसूनच धुवायचं. प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, रबरी बूच असलेलं रुंद पायांचं हवं. पाणी कोमट. भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. नळ आणि टॉवेलची दांडी हे आधार नव्हेत, ते उपटून हातात येतात. बाथरूमबाहेरचं सुटं पायपुसणं काढून टाका किंवा खालून रबर असलेलं आणा. अंग पुसून, कपडे बसूनच घाला. व्यायामाने तोल सुधारला तरी अंघोळीचं हे बसणं मी सोडायला सांगणार नाही, तिथे मिळवायचं काही नाही आणि गमवायचं फार आहे.

रात्रीसाठी उशाशी टॉर्च, आणि लाइट गेल्यावर आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा अंथरुण ते संडास या वाटेवर. लघवीची घाई होत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संकोचाने हे बोललं जात नाही आणि अंधारात धावत जाताना माणसं पडतात. त्यावर औषध आहे.

पायात हवाई चप्पल नको, बधिर पायातून ती कधी निसटली ते कळत नाही. मागे पट्टा असलेली, पातळ पण घट्ट तळव्याची सँडल चांगली. जाड, गुबगुबीत तळवा आरामाचा वाटतो, पण जमिनीची उरलीसुरली खबरही तो गिळतो. साडी नेसत असाल तर निऱ्या बोटभर वर. तळपाय रोज बघा, बधिर पायाला उन्हात तापलेल्या गच्चीचा चटका किंवा खडा लागलेला समजत नाही.

काठीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे तो प्रश्न येईल. काठी वजन पेलायलाच लागते असं नाही. तिचं टोक जमिनीला टेकतं तेव्हा हाताला जमीन कळते, पाय सांगत नाहीत ते ती सांगते. बाजारात, लग्नात, उन्हात, अनोळखी रस्त्यावर ती वापरा आणि घरात कोपऱ्यातला सराव काठीशिवाय करा. दोन्ही एकत्र चालू शकतं. शाळेत वर्गात एक उंच खुर्ची आणि तळमजल्यावरचा वर्ग मागायला संकोचू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस स्पष्टपणे आहे.

घरच्यांचं ‘चालणं कमी कर’ हे मायेपोटी आहे. एकेकाळी डॉक्टरही एमएसच्या रुग्णांना विश्रांतीच सांगत. आता उलट सल्ला आहे. व्यायामाने अटॅक वाढत नाहीत, आणि जमेल त्या प्रमाणात आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत हालचाल करण्याची शिफारस तज्ज्ञ करतात. पडण्याच्या भीतीने हिंडणं-फिरणं कमी केलं की स्नायू आणि सराव दोन्ही जातात आणि पडणं वाढतं. हे त्यांना वाचून दाखवा. ताकदीच्या खाण्याबद्दल एवढंच, की त्याने मायलिनची वाट दुरुस्त होत नाही. डाळी, दूध, अंडी खात असाल तर अंडी, असं साधं पोटभर जेवण घ्या आणि पावडरींवर पैसे घालवू नका.

फॅम्प्रिडिन नावाची गोळी काही जणांचं चालणं सुधारते, मायलिन गेलेल्या नसेतून संदेश नीट जायला ती मदत करते. सगळ्यांना उपयोग होत नाही, फिट येण्याचा इतिहास किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती देत नाहीत. न्यूरोलॉजिस्टना विचारून ठेवा, पण व्यायामाऐवजी म्हणून नव्हे.

पडल्यावर उठायचं कसं हेही एकदा मुद्दाम, घरच्यांसमोर, गादीवर शिकून घ्या. आधी तसंच पडून राहून कुठे लागलं ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, हात बैठकीवर ठेवून बळकट पाय पुढे घ्यायचा आणि वर ढकलायचं. हे येतं म्हटल्यावर पडण्याची भीती निम्मी होते, असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं आहे.

चोवीस तासांहून जास्त टिकणारा नवा झोक, दोन वस्तू दिसणं, एका बाजूचा नवा बधिरपणा, असं काही झालं तर व्यायाम थांबवून न्यूरोलॉजिस्टना गाठा. अंगात ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर आधी ते तपासा, संसर्गानेही जुनी लक्षणं उफाळून येतात आणि संसर्ग गेला की बसतात. डोक्याला मार लागला असेल तर लगेच दवाखाना.

सुधारणा दिसायला सहा ते आठ आठवडे द्या. तोवर एका वहीत प्रत्येक पडणं आणि पडता पडता वाचणं लिहा: वेळ, जागा, हातात काय होतं, डोळे कुठे होते, आधी किती थकला होतात. महिन्याभरात त्या वहीतून एखादी ठरावीक वेळ किंवा जागा पुढे येईल. तुमच्या भागात न्यूरोफिजिओ मिळत नसेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई किंवा पुण्याच्या शाखेत चौकशी करा. पहिल्या भेटीला ती वही आणि गोळ्यांची यादी घेऊन, रोजची सँडल घालून जा.